धावण्यातील मध्यलय



व्याख्यानमालेच्या पत्रकावर आमच्या नावापुढे ‘टेम्पो’ हा शब्द वाचून काही मंडळींचा गोंधळ झाला, असे कानावर आले. युनियनचा माणूस आणि टेम्पो म्हटल्यावर वाहतूक कामगारांचा प्रश्न निघणार, असा तर्क कोणीही करील. महाराष्ट्रात टेम्पो म्हणजे मालाची गाडी. पुण्याजवळच्या आकुर्डीच्या बजाज टेम्पो कंपनीने हे नाव घरोघर पोचवले. तिनेही ते जर्मनीतल्या हँबुर्गच्या कारखान्याकडून घेतले होते. २००५ साली कंपनीने आपले नाव बदलून फोर्स मोटर्स केले, पण लोकांनी काही टेम्पो सोडला नाही. मूळ शब्द मात्र इटालियन संगीतातला आहे, आणि त्याचा अर्थ लय.

हे एकदा ध्यानात आले की आजचा विषय निम्मा समजला. आपल्या गाण्यात विलंबित, मध्य आणि द्रुत अशा तीन लयी आहेत. लांब पल्ल्याच्या धावण्यातही तशाच तीन आहेत. गप्पा मारत धावता येते ती विलंबित. जीव तोडून चारशे-आठशे मीटर पळायचे ती द्रुत. आणि या दोहोंच्या मध्ये, पण द्रुतीकडे जरा झुकलेली, अशी एक लय आहे. तिला धावपटू टेम्पो रन म्हणतात. अर्धमॅरेथॉन, म्हणजे एकवीस किलोमीटर आणि वर साडेसत्त्याण्णव मीटर, धावू पाहणाऱ्या माणसाला या तिसऱ्या लयीचा उपयोग सर्वांत जास्त, आणि गैरसमजही तिच्याचविषयी सर्वांत जास्त.

आम्ही डॉक्टर नव्हे, क्रीडाशिक्षकही नव्हे. शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि कामगारांच्या संगतीत झाले. पन्नाशीच्या उंबरठ्यावर रक्तातली साखर वाढली, डॉक्टरांनी चालायला सांगितले, आणि चालता चालता धावू लागलो. पाठोपाठ युनियनच्या कचेरीतली दहापंधरा माणसे धावू लागली. कामगार एखाद्या गोष्टीत पडला की ‘हे असेच का?’ म्हणून विचारतो. त्यांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत म्हणून जे वाचले, ताडून पाहिले, ते आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

आमच्यात ओतकाम खात्यात काम करणारा चौतीस वर्षांचा एक गडी आहे. अंगाने काटक, मनाने जिद्दी. तो रोज पहाटे आठ किलोमीटर धावे, आणि रोज अठ्ठेचाळीस मिनिटांत. म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटे. एखाद्या दिवशी एकोणपन्नास लागली तर दिवसभर त्याचा चेहरा उतरलेला. पण शर्यतीत मात्र त्याची गाडी दोन तास बारा मिनिटांवर अडकलेली. दोन वर्षे तीच वेळ. पंधराव्या किलोमीटरपर्यंत हा सुसाट, पुढे पाय शिशाचे. आम्ही त्याला म्हटले, “अरे, आठवड्यातले चार दिवस हळू धाव.” तो म्हणाला, “अण्णा, दम लागला नाही तर व्यायाम झाला असे वाटतच नाही.”

या एका वाक्यात सगळी अडचण आली. अंगमेहनतीने पोट भरणाऱ्या माणसाला शिकवलेलेच असते की दुखेल तेवढे काम झाले. पण हृदय आणि स्नायू यांचा हिशेब निराळा आहे. तो कसा, हे सांगण्यासाठी थोडे शास्त्र सांगणे भाग आहे.

स्नायू साखर जाळून शक्ती मिळवतात. त्या खटाटोपात लॅक्टेट नावाचा पदार्थ तयार होतो. मायरहॉफ आणि हिल या दोन शास्त्रज्ञांना स्नायूंच्या संशोधनाबद्दल १९२२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या काळापासून पुढे कितीतरी वर्षे लॅक्टिक आम्ल म्हणजे थकव्याचे विष, अशी समजूत रूढ झाली. आजही व्यायामशाळेत कोणाचे पाय भरून आले की लोक त्यालाच दोष देतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील जॉर्ज ब्रुक्स यांनी पुढे निराळेच दाखवून दिले. लॅक्टेट हे जळणच आहे. एका स्नायूत ते तयार होते, रक्तातून दुसऱ्या स्नायूंकडे आणि हृदयाकडे जाते, आणि तिथे प्राणवायूच्या मदतीने जाळले जाते.

आमचे वडील गिरणीत साचेखात्यात होते, म्हणून आम्हाला हे गिरणीच्या भाषेत चटकन कळले. एक खाते सूत काढते, आणि ते सूत साचेखात्याचा कच्चा माल असतो. सूत जेवढे येते तेवढे साच्यांवर लागते, तोवर गिरणी सुरळीत चालते. परंतु सूतखात्याने वेग वाढवला आणि साचे तेवढेच राहिले, की वाटेत सुताचे ढीग साचतात, माणसांना हलायला जागा उरत नाही, आणि अखेरीस सगळ्यांचेच काम बसते. सूत वाईट नव्हे. ते उचलणारे साचे कमी पडले. शरीरातही असेच आहे. हळू धावताना जेवढे लॅक्टेट तयार होते तेवढे खपते. वेग वाढवत नेला की एक टप्पा असा येतो की त्याच्या पुढे आवक खपापेक्षा जास्त होते. रक्तात लॅक्टेट साठू लागते, स्नायूंत आम्लता वाढते, श्वास भराभर चालू लागतो, आणि काही मिनिटांत माणूस मंदावतो. या टप्प्याला शास्त्रज्ञ लॅक्टेटचा उंबरठा म्हणतात. सराव असलेला माणूस तासभर टिकवून धरू शकेल असा जो वेग, तो साधारण या उंबरठ्यावरचा वेग.

टेम्पो रन म्हणजे या उंबरठ्यावर उभे राहून धावणे. आत नव्हे, बाहेरही नव्हे. जॅक डॅनिएल्स नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकाने (नावावरून काहींना भलत्याच बाटलीची आठवण होईल, पण हे गृहस्थ ऑलिंपिकमध्ये पदक मिळवलेले खेळाडू आणि शरीरशास्त्राचे अभ्यासक) १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात याचे माप साधेसोपे करून दिले: एका लयीत सुमारे वीस मिनिटे. बस्स, वीस मिनिटे.

आता आमच्या गड्याकडे पाहा. किलोमीटरला सहा मिनिटे हा त्याचा उंबरठ्याचाच वेग होता. तो रोज अठ्ठेचाळीस मिनिटे उंबरठ्यावर उभा राहत होता, आणि मग आठ तास भट्टीसमोर. म्हणजे त्याला टेम्पो ठाऊक नव्हता असे नव्हे. तो टेम्पोखेरीज दुसरे काही धावतच नव्हता. सगळेच मध्यलयीत गाणाऱ्या गवयाचा ख्याल कधी उभाच राहायचा नाही. शरीरात साचे वाढतात, म्हणजे स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि प्राणवायू वापरणारी पेशींतली यंत्रे वाढतात, ती मुख्यतः भरपूर हळू धावण्याने. त्या साच्यांना भरल्या मालावर चालायची सवय लागते ती टेम्पोने. आणि हे बांधकाम होते विश्रांतीत, झोपेत. रोजच उंबरठ्यावर राहणाऱ्याला विश्रांती कुठली?

लांब पल्ल्याच्या जगातल्या मोठमोठ्या खेळाडूंच्या सरावाचा अभ्यास स्टीफन सायलर या संशोधकाने केला. त्यांची पाचातली चार सत्रे हळू असतात आणि एकच कठीण, असे त्यात आढळले. आमच्याकडचे हौशी धावपटू नेमके उलटे करतात आणि वर खेळाडूंचा आदर्श सांगतात.

या संदर्भात दोन माणसांची नावे घेतल्यावाचून राहवत नाही, कारण दोघेही जोड्यांच्या कारखान्यातले. पहिला एमिल झाटोपेक. चेकोस्लोव्हाकियातल्या झ्लिन गावी बाटाच्या कारखान्यात तो पोरवयात कामाला होता, आणि तिथूनच १९४१ साली त्याला पहिल्या शर्यतीत बळेच उतरवण्यात आले. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्याने पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन अशी तीन सुवर्णपदके मिळवली, आणि मॅरेथॉन तर तो आयुष्यात प्रथमच धावत होता. त्या शर्यतीत इंग्लंडचा जिम पीटर्स सुरुवातीलाच पुढे निघाला. झाटोपेकने त्याला गाठून ‘हा वेग ठीक आहे ना?’ असे विचारले, आणि पीटर्सने चेष्टेने ‘फारच हळू आहे’ म्हटले, असा किस्सा सांगतात. किस्सा असो. पीटर्सला शर्यत पुरी करता आली नाही, हे मात्र नोंदलेले सत्य आहे. तो कच्चा नव्हता. मॅरेथॉनमधल्या त्या काळच्या सर्वांत वेगवान धावपटूंपैकी होता. पण उंबरठा ओलांडला की तो कोणालाच माफ करत नाही.

दुसरा आर्थर लिडियार्ड. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहरात जोड्यांच्या कारखान्यात काम करणारा. ना पदवी, ना प्रयोगशाळा. त्याने वर्षानुवर्षे स्वतःच्याच अंगावर प्रयोग केले. कधी फार धावला, कधी कमी धावला, आणि त्यातून अशी पद्धत बसवली की आधी महिनोन्‌महिने लांब आणि स्थिर लयीत धावायचे, मग वेगाकडे वळायचे. १९६० साली रोममध्ये त्याच्या शिष्यांपैकी पीटर स्नेल आठशे मीटरमध्ये आणि मरे हॅलबर्ग पाच हजार मीटरमध्ये एकाच दिवशी सुवर्णपदक घेऊन गेले, आणि बॅरी मॅगीला मॅरेथॉनमध्ये कांस्यपदक मिळाले. विद्यापीठातल्या लोकांनी पुढे मापून पाहिले ते या कारागिराला पायांनी आधी कळले होते. शाळा सुटलेल्या माणसाला असे काही वाचले की उगीचच बळ येते, हे आपण समजून घ्यालच.

आता प्रत्यक्ष करायचे कसे ते सांगतो. आधी दहापंधरा मिनिटे अगदी सावकाश धावावे. अंग तापले की हळूहळू लय वाढवावी आणि वीस मिनिटे एकाच लयीत राहावे. नंतर पुन्हा दहा मिनिटे सावकाश. उंबरठा सापडला की नाही, हे ओळखायला यंत्र लागत नाही. सोबत्याशी बोलून पाहावे. पुरे वाक्य बोलता आले तर आपण हळू आहोत. तीनचार शब्द बोलून श्वास घ्यावा लागला तर बरोबर. ‘हं’पलीकडे काही निघेना तर वेग कमी करावा. आणि वीस मिनिटे संपल्यावर ‘अजून पाच मिनिटे याच लयीत गेलो असतो’ असे वाटले पाहिजे. जो लिंबाच्या झाडाखाली ओणवा होऊन धापा टाकतो त्याने टेम्पो केला नाही. त्याने शर्यत केली, आणि तीही बक्षिसाविना.

ज्याला सलग वीस मिनिटे जड जातात त्याने पाच-पाच मिनिटांचे चार तुकडे करावेत, मध्ये एकेक मिनिट सावकाश धावावे. फळ जवळजवळ तेच मिळते. आठवड्यातून एकदाच करावे. आणखी एक माप डॅनिएल्स देतात तेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे: आठवड्यात एकूण जेवढे धावता त्याच्या दहाव्या हिश्श्याहून टेम्पो जास्त नको. म्हणजे आठवड्याला तीस किलोमीटर धावणाऱ्याने तीन किलोमीटर. हे सांगितले की लोकांना अपमान झाल्यासारखे वाटते.

इथे एक बारकावा आहे, आणि तो न कळल्याने पुष्कळांचा घोटाळा होतो. वर्तमानपत्रात वाचतो की मोठे खेळाडू अर्धमॅरेथॉन तासाच्या आत संपवतात. इथिओपियाच्या योमिफ केजेल्चाने २००४ नंतरच्या वीस वर्षांतली सगळी प्रगती पायांत घेऊन २०२४ साली व्हॅलेन्सियात सत्तावन्न मिनिटे तीस सेकंदांत ती संपवली. उंबरठ्याचा वेग तासभर टिकतो म्हटल्यावर अशा माणसाची सबंध शर्यत उंबरठ्यावरच होते. आपण दोन तासांची माणसे. आपल्याला तासाचा वेग दोन तास टिकणार नाही. म्हणून आपला टेम्पो हा शर्यतीच्या वेगापेक्षा किलोमीटरमागे दहा-पंधरा सेकंदांनी जलद असतो, आणि शर्यत त्याहून हळू धावायची असते. दोन तासांत पोचू इच्छिणाऱ्याचा शर्यतीचा वेग किलोमीटरला पाच मिनिटे एकेचाळीस सेकंद; त्याने टेम्पो साडेपाचच्या आगेमागे करावा. टेम्पोचाच वेग शर्यतीच्या पहिल्या किलोमीटरला धरला, की पंधराव्या किलोमीटरला पाय शिशाचे झालेच समजा.

सगळे वेग सांगितले खरे, पण घड्याळाचे फार ऐकू नये. कामगाराला घड्याळाचा इतिहास ठाऊक असतो. अमेरिकेत टेलरसाहेबांनी कामगाराच्या हालचाली घड्याळ लावून मोजायला सुरुवात केली. १९११ साली वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारातल्या ओतकाम करणाऱ्या कामगारांनी त्या घड्याळाविरुद्ध काम बंद पाडले, आणि प्रकरण अमेरिकन काँग्रेसपर्यंत गेले. आज आमचाच ओतकाम करणारा गडी पहाटे उठून, स्वतःच्या पैशाने घेतलेला मुकादम मनगटावर बांधतो, आणि तो मुकादम दर किलोमीटरला ओरडतो की तू सहा सेकंद मागे पडलास! आम्ही घड्याळाचे शत्रू नाही. पण चैत्र-वैशाखात ऊन चढले, मुंबईसारखी दमट हवा असली, आदल्या रात्री झोप झाली नसली, की तोच वेग अंगाला जास्त महाग पडतो. हृदयाचे ठोके वाढतात. घाटात तर वेगाला अर्थच उरत नाही. साताऱ्याच्या अर्धमॅरेथॉनला यवतेश्वरचा घाट चढताना किलोमीटरची मिनिटे मोजणारा माणूस वर पोचेपर्यंत संपलेला असतो. अशा वेळी श्वास हेच माप धरावे. घड्याळाला काल रात्रपाळी होती हे कळत नाही, श्वासाला कळते.

रात्रपाळीचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट बोलून घेतो. टेम्पो करायचा तर आदल्या आणि पुढल्या रात्री झोप हवी. म्हणजे कोणाला धावता येईल हा प्रश्न शेवटी कोणाच्या पदरात किती तास उरतात, यावर येतो. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने १८९० साली गिरणीमालकांकडून रविवारची सुट्टी मिळवली, म्हणून आज रविवारी पहाटे रस्ते धावणाऱ्यांनी फुललेले दिसतात. २०२५ साली महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या दिवसाच्या कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारापर्यंत नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे तास तेवढेच राहतील, असे सांगितले गेले. कागदावर हिशेब जुळतो. परंतु बारा तास उभा राहून घरी आलेल्या माणसाला दुसऱ्या पहाटे काय धावता येते, हे आम्ही पाहिले आहे. वर्षातून एक दिवस कामगारांना रंगीत गंजिफ्रॉक वाटून धावायला लावणारे मालक आम्हाला भेटतात. आम्ही त्यांना म्हणतो, गंजिफ्रॉक ठेवा, पाळीचे वेळापत्रक महिनाभर आधी द्या. आणि घरातल्या बायकांचे तर पाळीपेक्षाही अवघड. त्यांची पहाट डब्यात जाते, आणि अंधारात एकटीने धावण्यासारखे रस्ते आपल्या गावात किती आहेत, हे नगरपालिकेच्या सभासदांनी, समोर बसलेच आहेत म्हणून म्हणतो, एकदा चालून पाहावे.

आमच्या त्या गड्याने अखेर ऐकले. पुरते पटून नव्हे, थोडे आमच्या भिडेस्तव. चार दिवस तो किलोमीटरला सव्वासात मिनिटांनी धावू लागला. सुरुवातीला शेजारून म्हातारे लोक पुढे जात, तेव्हा त्याला लाज वाटे. बुधवारी वीस मिनिटे टेम्पो, तोही दिवसपाळीच्या आठवड्यातच. रात्रपाळीच्या आठवड्यात तो वगळायचा, असे ठरवून टाकले. रविवारी लांब आणि सावकाश. पाचव्या-सहाव्या आठवड्यात तो म्हणाला, “अण्णा, बुधवारी तोच वेग, पण आता बोलता येतंय.” उंबरठा सरकला होता. चौदा आठवड्यांनी तो शर्यत दोन तास पाच मिनिटांत धावला. सात मिनिटे कमी. दोन तासांच्या आत यायचे अजून राहिलेच आहे, आणि ते तो आम्हाला दर भेटीत ऐकवतो.

चाळिशी उलटलेल्यांनी, साखर-रक्तदाब असलेल्यांनी आणि घरात हृदयविकार असलेल्यांनी टेम्पोच्या वाटेला जाण्याआधी डॉक्टरांना दाखवावे. छातीत दडपले, हाताला किंवा जबड्याला कळ आली, भोवळ आली, तर त्याच जागी थांबावे. ‘एवढे वीस मिनिटे पुरे करतो’ हा हट्ट तिथे नको. त्यात शूरपणा नाही.

शर्यत जवळ आल्यावर काय करावे, असे पुष्कळजण विचारतात. शेवटच्या महिन्यात टेम्पो तीस मिनिटांपर्यंत न्यायला हरकत नाही, मात्र लय किंचित उतरवून. एखाद्या रविवारी लांब धावेतले शेवटचे चारपाच किलोमीटर शर्यतीच्या वेगाने धावावेत, म्हणजे थकलेल्या पायांना तो वेग कसा लागतो ते कळते. शेवटचा पुरा टेम्पो शर्यतीच्या आधी दहा दिवस. त्या आठवड्यात फार तर दहा मिनिटे, अंग जागे ठेवण्यापुरती. आणि शर्यतीच्या दिवशी पहिले पाच किलोमीटर शेजाऱ्याशी बोलता येईल असेच जावे, मग तो शेजारी कितीही घाईत असो.

अध्यक्षांनी घंटेकडे हात नेलेला दिसतो. प्रश्न असतील त्यांनी चिठ्ठ्या पाठवाव्यात.